आ वासण्याची सोय

बसचालकाच्या खालच्या दाढेवर डॉक्टरांनी ड्रिल टेकवलं आणि त्याच क्षणी छतावरच्या टीव्हीतली मालिका गेली. गेली ती ऐन रडारडीत. मालिकेतली धाकटी सून "आता मी गप्प बसणार नाही, सगळ्यांना..." एवढं म्हणाली आणि सगळ्यांना काय, ते न सांगताच पडदा निळा झाला. त्यावर पांढऱ्या अक्षरांत निवेदन आलं, की दरांबाबत मतभेद झाल्यामुळे ही वाहिनी आपल्या केबलवर सध्या दिसणार नाही, गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत. बसचालकाने ते मनातल्या मनात वाचलं आणि तोंड मिटलं. ड्रिल डॉक्टरांनी शिताफीने बाहेर काढलं होतं, पण बोट आतच राहिलं.

"आई गं," डॉक्टर कळवळले. दातांच्या दवाखान्यात हे शब्द रोजचेच, पण खुर्चीच्या या बाजूने ते पहिल्यांदाच आले होते. बाहेर बाकावर बसलेले पेशंट एकमेकांकडे बघू लागले आणि त्यांतला एक जण फोन आल्यासारखं करून निघून गेला.

डॉक्टरांच्या हाताला गुण होता, यात वाद नाही. पण त्यांच्या धंद्याचं खरं इंगित छतावर होतं. दातांच्या डॉक्टरांनी "तोंड उघडा" म्हटलं की माणूस तोंड कसं उघडतो? नको असलेल्या पाहुण्याला दार उघडावं तसं, फटीपुरतं. डॉक्टरांची निम्मी डॉक्टरकी "आणखी थोडं, आणखी थोडं" म्हणण्यात जायची. म्हणून काही वर्षांपूर्वी त्यांनी खुर्चीच्या बरोबर वर, छताला पालथा टीव्ही टांगला आणि त्यावर मालिका लावली. त्या दिवसापासून पेशंट आपण होऊन आ वासू लागले. सासूने चहात काहीतरी मिसळलं की जबडा खाली, हरवलेला मुलगा दारात उभा राहिला की जबडा आणखी खाली. हळूहळू सगळ्या दवाखान्याला त्याची लयच लागली. मालिका चालू तोवर ड्रिल, जाहिराती लागल्या की चूळ. कोणी कोणाला सांगायची गरज उरली नव्हती.

मजा म्हणजे स्वतः डॉक्टरांनी एकाही मालिकेचं तोंड पाहिलं नव्हतं. ते सदैव दुसऱ्याच्या तोंडात बघत असल्यामुळे टीव्ही कायम त्यांच्या डोक्यावर असायचा. पण ऐकून ऐकून त्यांना सगळं पाठ होतं. मागे ढोल घुमायला लागले की हा पेशंट आता तोंड उघडणार, आणि बासरी लागली की मिटणार, हे ते एक्स-रे बघितल्यासारखं सांगायचे.

तर अशी ही सोय त्या दुपारी खलास झाली. एरवी डॉक्टर फार तर हळहळले असते. पण त्याच दिवशी सकाळी बायकोने त्यांना एक बातमी दिली होती, आणि ती त्यांना आता आठवली.

"अहो, आई तयार झाली," बायको म्हणाली होती.

"कशाला?"

"दाढ काढायला. तुमच्याकडे."

डॉक्टरांच्या हातातून कप सुटता सुटता राहिला होता. सासूबाई म्हणजे निवृत्त मुख्याध्यापिका. सगळं गाव त्यांना घाबरायचं आणि त्या फक्त दातांच्या डॉक्टरला घाबरायच्या, म्हणजे घरातल्याच माणसाला. मागची दाढ पार पोखरली होती. त्या महिनोन्महिने एकाच बाजूने जेवत होत्या, रात्र रात्र गाल धरून बसत होत्या आणि विचारलं की "काही नाही, जरा विचार करतेय" म्हणत होत्या. दोनदा गाल सुजून भोपळा झाला. गोळ्यांनी सूज उतरली होती, ती उतरलेली आहे तोवरच दाढ काढायला हवी होती. पुन्हा भडकली तर जबड्यात उतरली असती आणि मग हे काम मोठ्या इस्पितळाचं झालं असतं. डॉक्टरांनी समजावून पाहिलं, बायकोने रडून पाहिलं. सासूबाईंचं एकच, की घरच्या माणसाला तोंड उघडून दाखवणार नाही. जावयाला हे लागायचं. आसपासची सगळी बत्तीशी त्यांच्या हाताखालून गेलेली, आणि स्वतःची सासू दारात अडलेली.

"पण एक अट आहे तिची," बायको पुढे म्हणाली होती. "शनिवारी दुपारी, ती धाकट्या सुनेची मालिका लागते ना, तीच वर चालू हवी. म्हणते, मला तिच्यात गुंतू दे, मग काय उपटायचं ते उपटा. मालिका नसेल तर ती खुर्चीतून उठणार. आणि उठली की परत बसणार नाही, हे तुम्हाला माहीत आहे."

"एवढंच ना? ती तर रोज चालूच असते," डॉक्टर म्हणाले होते. आणि दुपारी पडदा निळा.

संध्याकाळपर्यंत केबलवाला आला. शिडी लावून वर चढला, तार हलवली, खाली न बघताच बोलू लागला.

"साहेब, तार ठणठणीत आहे. भांडण वर आहे. वाहिनीवाले म्हणतात दर वाढवून द्या, आमची कंपनी म्हणते दमडी वाढवणार नाही. दोघंही हट्टाला पेटलेत."

"आणि मधल्या मध्ये आमचे हाल."

"तुम्ही निदान जमिनीवर आहात. मी शिडीवर उभं राहून शिव्या खातोय सकाळपासून."

"शनिवारपर्यंत मिटेल?"

"मिटेलही, नाहीही मिटणार. तोवर तुम्हाला महापॅक देऊ का? भरपूर चॅनेल आहेत."

"त्यात ते चॅनेल आहे?"

"ते सोडून सगळे आहेत."

महापॅक घेतला. दुसऱ्या दिवशी प्राण्यांचं चॅनेल लावलं, तर वर एक मगर जबडा पसरून पडलेली आणि एक पक्षी तिच्या दातांतून काहीतरी ओढून काढतोय. खुर्चीतल्या बाईंनी एकदा मगरीकडे पाहिलं, एकदा डॉक्टरांच्या हातातल्या चिमट्याकडे पाहिलं आणि "मी पुढच्या महिन्यात येते" म्हणाल्या. घरबसल्या खरेदीच्या चॅनेलवर नेमक्या सुऱ्या विकायला होत्या. मग बातम्या लावल्या. तिथे चौकटी चौकटींतून माणसं एकमेकांवर ओरडत होती. चर्चेचा विषय हाच, वाहिनीवाले बरोबर की केबलवाले. ते ऐकताना पेशंट अक्षरशः दातओठ खायचा. दातओठ खाणाऱ्या माणसाच्या दाढेत सिमेंट भरणं किती कठीण असतं, ते ज्याचं त्याला ठाऊक.

"तुम्ही ती केबल काढूनच टाका बघू," रात्री जेवताना बायको म्हणाली. "ओटीटी घ्या. हवं ते, हवं तेव्हा. कोणाच्या भांडणात आपण कशाला?"

डॉक्टरांना पटलं. त्यांनी टीव्हीच्या मागे खोचायचं ते काडीएवढं यंत्र आणलं आणि एक अ‍ॅप घेतलं. त्यावर ती मालिका नव्हती. दुसरं घेतलं, त्यावर ती मालिका दुसऱ्या भाषेत होती आणि धाकटी सून पुरुषी आवाजात बोलत होती. शेवटी कळलं, की ती वाहिनीवाल्यांच्या स्वतःच्या अ‍ॅपवर आहे. म्हणजे केबलवरून मालिका काढून घेणारेही हेच आणि ती पुन्हा विकायला बसलेलेही हेच. डॉक्टर चडफडले, पण सासूबाईंचा गाल डोळ्यांपुढे आला आणि त्यांनी मुकाट्याने तिसरं अ‍ॅप घेतलं.

रंगीत तालीम म्हणून पहिला मान ग्रंथपाल बाईंना मिळाला. साधी दाढ भरायची होती. दवाखान्यातल्या मावशींनी, म्हणजे डॉक्टरांच्या जुन्या मदतनीस बाईंनी, रिमोट दाबून मालिका लावली. ग्रंथपाल बाई म्हणाल्या, "सुरुवातीपासून लावा हो, मला मधलं काही कळत नाही." पहिल्या भागापासून लावली. चित्र स्वच्छ, आवाज स्वच्छ, जबडा खाली. डॉक्टर खुशीत कामाला लागले आणि जाहिरातींची वाट बघू लागले.

जाहिराती येईनात. अ‍ॅप बिनजाहिरातीचं होतं, डॉक्टरांनी त्याच्यासाठी हौसेने वेगळे पैसे मोजले होते. इकडे ग्रंथपाल बाईंचं तोंड पाण्याने भरून आलं, पण वर सुनेची बॅग भरणं चाललेलं, त्यामुळे त्या चूळ टाकायला काही मान वळवेनात.

"बाई, चूळ."

ग्रंथपाल बाईंनी हाताने थांबा म्हटलं.

"अहो बाई, गुदमराल."

एक भाग संपला, लगेच दुसरा आपोआप सुरू झाला. दाढ केव्हाच भरून झाली होती. बाई उठेनात. मध्येच मालिका थांबली आणि पडद्यावर प्रश्न आला, की तुम्ही अजून पाहत आहात का? बाईंच्या तोंडात कापूस, डॉक्टरांच्या हातांत ओले हातमोजे, मावशी बाहेर पावती फाडायला गेलेल्या. बाईंनी खुर्चीच्या हातावर थापा मारल्या, डॉक्टरांनी शेवटी कोपराने रिमोट दाबला, आणि कोपराचा नेम चुकून पुन्हा पहिला भाग लागला. बाई तोही बघायला तयार होत्या.

"बाई, बाहेर माणसं बसलीत," डॉक्टर काकुळतीला आले. "तुम्ही घरी बघा ना निवांत."

"घरी केबल आहे माझ्याकडे. तिथे निळं दिसतं."

"मी माझा पासवर्ड देतो. पण उठा."

बाई टुणकन उठल्या. त्या पासवर्डाने डॉक्टरांची त्या दिवसापुरती सुटका झाली. मावशींना मात्र त्यांनी नवं काम लावून दिलं. शनिवारी रिमोट हातात घेऊन उभं राहायचं आणि डॉक्टरांनी मान हलवली की मालिका थांबवायची, म्हणजे मावशीच जाहिरात. मावशी म्हणाल्या, "होईल की, त्यात काय."

शनिवार उजाडला. सासूबाई इस्त्रीची साडी, करकरीत पर्स आणि तपासणीला आल्यासारखा चेहरा घेऊन आल्या. बायको त्यांचा दंड धरून होती, आधार द्यायला की पळू नये म्हणून, ते सांगणं कठीण. सासूबाईंनी खुर्ची न्याहाळली, दिवा न्याहाळला, झाकलेल्या ट्रेकडे पाहून नजर वळवली आणि खुर्चीत बसल्या.

"जावईबापू, अट लक्षात आहे ना?"

"आहे आई. मावशी, लावा."

छतावर शीर्षकगीत घुमलं. सासूबाई दचकल्या.

"हे कसं लागलं?" त्या म्हणाल्या. "हे तर बंद झालं होतं ना?"

"तुमच्यासाठी वाट्टेल ते, आई," डॉक्टर अभिमानाने म्हणाले. सासूबाईंचा चेहरा उतरला. दाढ ठणकली असेल, असं डॉक्टरांना वाटलं आणि त्यांना फारच कणव आली. गीत संपायच्या आत त्यांनी हलक्या हाताने इंजेक्शन दिलं. सासूबाईंनी डोळे गच्च मिटून घेतले, पण तोंड उघडं ठेवलं. हिरडी बधीर होऊ लागली. आता फक्त मालिकेने आपलं काम करायचं होतं.

गीत संपलं आणि पडदा काळा झाला. मधोमध ओळ आली, की या खात्यावरून आधीच अनेक ठिकाणी मालिका पाहिली जात आहे, कृपया एखादा पडदा बंद करावा.

"कोण बघतंय?" बायकोने विचारलं.

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला, तो हातमोज्यासकट. मग मावशींना ग्रंथपाल बाईंना फोन लावायला सांगितला आणि तो कानाशी धरायला लावला.

"डॉक्टर, मी लगेच बंद केलं असतं हो," ग्रंथपाल बाई कुजबुजत होत्या. "पण इथे वाचनालयात सगळे वाचक मिळून बघतायत. इतकी शांतता माझ्या अख्ख्या नोकरीत झाली नव्हती. आणि मी एकटीच नाही काही. बसचालकांनी पण माझ्याकडून पासवर्ड नेलाय, डेपोत लावलंय त्यांनी."

"डेपोत?"

"म्हणून तर बस येत नाहीये मघापासून. वेळच मालिकेची ना ही, सगळ्यांची सवयच आहे. तुम्ही पुढचा आठवडा बघा ना."

"पासवर्ड बदला," बायको म्हणाली. मावशींनी बदलायला घेतला. घाईत दरवेळी एखादं अक्षर चुकायचं. शेवटी अ‍ॅपलाच संशय आला आणि त्याने डॉक्टरांनाच बाहेर काढून दार लावून घेतलं, थोड्या वेळाने प्रयत्न करा म्हणून. आपल्याच खात्यातून हाकलले गेलेले डॉक्टर वर बघत उभे राहिले. पेशंट खुर्चीत असताना ते आयुष्यात पहिल्यांदा त्या टीव्हीकडे बघत होते आणि त्यावर काहीच नव्हतं.

सासूबाईंनी डोळे उघडले. काळा पडदा बघून त्यांच्या अर्ध्या बधीर चेहऱ्यावर चक्क तरतरी आली. त्यांनी पदर सावरला.

"अट मोडली," त्या म्हणाल्या. "मी निघते. तुमचा काही दोष नाही, जावईबापू."

"अहो, काहीतरी करा," बायकोचा आवाज रडवेला झाला. "आत्ता उठली तर ही कधीच येणार नाही. पुन्हा त्या रात्री सुरू होतील हो."

डॉक्टरांनी घड्याळाकडे पाहिलं. इंजेक्शनचा अंमल काही दिवसभर राहणार नव्हता. सासूबाईंचा एक पाय खुर्चीवरून खाली आला होता. आणि तेव्हा डॉक्टर जे बोलले, ते बोलायचं त्यांनी मुळीच ठरवलं नव्हतं.

"आई, चित्र नसलं म्हणून काय झालं? मालिका मी सांगतो."

"तुम्ही? तुम्ही मालिका बघता?"

"बघत नाही. पण रोज ऐकतो. तुमची अट मालिका चालू हवी अशी होती, दिसायला हवी असं काही तुम्ही म्हणाला नव्हता."

मुख्याध्यापिकाबाईंना नियमाचा मुद्दा काढलेला नेहमीच आवडायचा. त्यांचा पाय अर्धवट हवेत थांबला. मग त्या नाइलाजाने मागे टेकल्या.

"बोला," त्या म्हणाल्या आणि तोंड उघडलं, फटीपुरतंच.

डॉक्टरांनी घसा खाकरला. "तर, बंगल्यात सगळे जमलेत. बाहेर ढोल वाजतायत, म्हणजे मागे वाजतायत. थोरली सून सोफ्यावर बसलीय. धाकटी दारात उभी राहून म्हणते," इथे त्यांनी आवाज बारीक केला, "आता मी गप्प बसणार नाही, सगळ्यांना..."

इथवर त्यांनी ऐकलेलं होतं. पुढे निळा पडदा होता. सासूबाई ही मालिका नेमाने बघणाऱ्या, त्यांना खोटं लगेच कळणार. पण त्यांच्या डोळ्यांत उत्सुकता दिसली, आणि तोंड जरा उघडल्यासारखं वाटलं.

"सगळ्यांना सांगणार आहे," डॉक्टर पुढे रेटत म्हणाले, "की हा परत आलेला माणूस या घरातला थोरला मुलगा नाहीच."

तोंड आणखी उघडलं. डॉक्टरांनी आरसा आत सरकवला.

"थोरली ओरडते, पुरावा काय? धाकटी म्हणते, पुरावा त्याच्या तोंडात आहे. माझ्या थोरल्या दिरांच्या समोरच्या दोन दातांत फट होती. आणि हा माणूस काल हसला तेव्हा मी पाहिलं, याला फटच नाही."

"बुजवून घेतली असेल," मावशी रिमोट छातीशी धरून म्हणाल्या.

"एका खेपेत नाही बुजत," डॉक्टरांनी मान वर न करता उत्तर दिलं. "मावशी, चिमटा. तर सगळे त्या माणसाकडे बघतात. तो ओठ घट्ट मिटून बसतो. सासरे म्हणतात, बेटा, हस. तो हसत नाही. सासरे म्हणतात, बापासाठी एकदा हस. तो उठतो, धाकटीचा हात धरतो, तिला माडीवरच्या खोलीत ढकलतो आणि बाहेरून कडी लावतो."

बायको कधी स्टुलाच्या कडेवर आली, तिलाही कळलं नाही. सासूबाईंचा जबडा आता असा खाली आला होता, की डॉक्टरांनी मागच्या दाढेबरोबर आयुष्यात पहिल्यांदा त्यांची पडजीभही पाहिली. त्यांनी दाढ पकडली, जरा डावीकडे, जरा उजवीकडे.

"आत अंधार. धाकटी चाचपडत पुढे जाते. हाताला एक पेटी लागते. पेटीत काय असेल?" डॉक्टरांच्या मनगटाने हलकासा झोका घेतला. "पेटीत एक कवळी. धाकटी ती उजेडात धरते, बघते, आणि तिच्या अंगावर काटा येतो. कारण ही कवळी, ही कवळी तर... तेवढ्यात बाहेर पावलं वाजतात. कोणीतरी कडीला हात घालतं. धाकटी पेटी पाठीमागे लपवते. कडी हळूहळू सरकते..."

"डॉक्टर," मावशी म्हणाल्या.

"थांबा हो. कडी सरकते, आणि..."

"डॉक्टर, दाढ निघालीय."

डॉक्टरांनी हातातल्या चिमट्याकडे पाहिलं. सगळ्या घराची झोप उडवणारी ती दाढ निमूट चिमट्यात बसली होती. केव्हा आली, हे त्यांनाही सांगता आलं नसतं. त्यांनी कापूस ठेवला, सासूबाईंना चावून धरायला सांगितलं. बायकोने आईच्या खांद्यावर डोकं टेकलं आणि आता मात्र खरोखर रडली, पण ते रडणं वेगळं होतं. डॉक्टरांच्या छातीवरचा धोंडा उतरला. सासूबाई कापूस चावत छताकडे बघत राहिल्या. कापूस काढायची वेळ झाली तेव्हा त्यांचे पहिले शब्द आले.

"ती दार उघडते का?"

"आई, दाढ निघाली."

"ते समजलं मला. दार कोण उघडतं?"

"तुम्ही तर मालिका नेमाने बघता ना," डॉक्टर ओशाळून म्हणाले. "खरं सांगायचं तर मी बरंचसं मनाचंच घातलं. मला वाटलं तुम्ही पकडाल."

सासूबाईंनी पर्स उघडली, रुमाल काढला, पुन्हा आत ठेवला. वर्गात कधीच न दिसलेला एक भाव त्यांच्या चेहऱ्यावर आला.

"मी ती मालिका एकदाही पाहिलेली नाही," त्या म्हणाल्या. "त्या दिवशी सकाळी पेपरात आलं होतं, की दराच्या भांडणात आजपासून ती वाहिनी बंद होणार. मी लगेच हिला फोन करून ही अट घातली. म्हटलं, हिचंही मन राखलं जाईल आणि माझीही दाढ राहील. तुम्ही एवढा खटाटोप कराल, हे काही माझ्या हिशेबात नव्हतं." त्या जरा थांबल्या. "भीती वाटत होती हो मला. फार भीती वाटत होती."

तेवढ्यात केबलवाला धापा टाकत आत आला. "साहेब, समझोता झाला. चॅनेल आलं परत. आता सांगा, महापॅक ठेवू, की केबल काढायची आणि तुम्ही ओटीटीवरच राहणार?"

डॉक्टरांनी बायकोकडे पाहिलं. बायकोने, ज्याचं त्याने ठरवावं असा चेहरा केला. "केबल राहू द्या," डॉक्टर म्हणाले. "मला जाहिराती लागतात."

"पेशंटांसाठी काय हवं ते ठेवा," सासूबाई मध्येच म्हणाल्या. "मी येईन तेव्हा मात्र ते बंद पाहिजे."

"आता कशाला येताय आई? झालं की सगळं."

सासूबाईंनी एकदा लेकीकडे पाहिलं, मग गाल बोटाने बाजूला करून वरच्या जबड्यात डावीकडे दाखवलं. "हा वरचा. दोन वर्षं दुखतोय. कोणालाच सांगितलं नव्हतं मी. पुढच्या शनिवारी काढा. पण गोष्ट तीच हवी, पुढची." आणि त्या कोणाचाही दंड न धरता तरातरा बाहेर पडल्या.

त्या संध्याकाळी लेकीकडेच मुक्कामाला राहिलेल्या सासूबाई कित्येक महिन्यांनी लवकर झोपल्या, आणि त्यांच्या घोरण्याचा आवाज ऐकून बायको दोनदा हसली. जेवणाच्या टेबलाशी डॉक्टर मात्र घास हातात धरून छताकडे बघत होते.

"आता एवढा कसला विचार करताय?" बायकोने विचारलं. "सगळं छान झालं ना?"

"झालं गं," डॉक्टर म्हणाले. "पण ती कवळी कोणाची, तेच मला कळेना."